अक्कांची पाप

बालमंदिराच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक संगमरवरी पाटी लागते. तिच्यावर ‘संस्थापक’ या शब्दाखाली माझं नाव आहे. पाटी ठसठशीत आहे, अक्षर सुबक आहे, आणि ती खोटी आहे.

परवा संस्थेची दोन तरुण माणसं पेढे घेऊन घरी आली होती. म्हणाली, “गुरुजी, वर्धापनदिन आहे. सुरुवातीच्या चार आठवणी सांगा.” मी म्हटलं, उभं राहून बोलवत नाही, लिहून देतो. त्यांना वाटलं, गुडघे. गुडघे आहेतच. पण मी ऐंशी ओलांडली आहे, आणि आता जे सांगायचं ते कुणी मध्येच टाळ्या न वाजवता ऐकावं असं वाटतं.

सुरुवातीच्या आठवणींत मी फारसा नाहीच. त्या सगळ्या अक्कांच्या आहेत.

त्यांचं नाव भागीरथी. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण आमच्या साखर पेठेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. अक्का हा शब्द सोलापुरात मराठी माणसाला कळतो, कानडीला कळतो, तेलुगूला कळतो, आणि करीमचाचांसारखा दखनी बोलणारा माणूसही तो आपलाच समजून वापरतो. त्यामुळे सगळ्यांच्या त्या अक्काच. जेऊरच्या. वडील रेल्वेत गँगमन. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, सासरनं परत पाठवलं, आणि वडिलांनी लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मुलगी पुण्याला ट्रेनिंगला घातली. पुण्यात त्या शुद्ध बोलायला शिकल्या आणि सोलापूरला आल्यावर ते शुद्ध बोलणं ट्रंकेत ठेवून दिलं. इन्स्पेक्टर आला की तेवढं बाहेर काढायच्या.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची दोन-चार वर्षं म्हणतोय मी. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि साखर पेठेत एका तेलुगू विणकराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली दिवसभर माग खटखटायचे. तेलुगू मी शिकलो नाही, ती आपोआप जिन्यावरून वर आली. अक्का आमच्याच शाळेत बिगरीचा वर्ग घ्यायच्या. वर्गात निम्मी मुलं विणकरांची. त्यांना मराठी कळायचं नाही, म्हणून ती बिगरीतच बसून राहायची, मोठी व्हायची, आणि एक दिवस सुताच्या कांड्या भरायला मागापाशी जाऊन बसायची. बाकीची मिलवाल्यांची. ती वर्गात आली तरी पेंगायची.

“शाळंत येतं तवाच लेकरू मागं पडल्यालं असतंय,” अक्का एकदा मला म्हणाल्या. “मागनं ढकलून काय व्हनार? आधी धराय पायजे.”

“आधी म्हणजे कधी?”

“चालाय लागलं की.”

आणि त्यांनी नोकरी सोडली. अगदी सहज, चूल सारवून हात धुवावेत तशी.

अक्कांची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्या कुणाच्याही घरात जात नसत. दाराबाहेरच्या पायरीवर बसत. इरकल साडीचा पदर खोचायच्या, गुडघे जवळ घ्यायच्या आणि आरामात टेकायच्या. घरातल्या बाईला मग बाहेर यावंच लागे. “आत आलं की पावनी,” त्या म्हणायच्या, “च्या ठेवा, बस्कर टाका. पायरीवर बसलं की शेजारीन. शेजारनीला न्हाई म्हनाय जड जातं.” तिथे बसून त्या एकच प्रश्न विचारायच्या. “तुमच्याकडं काय जास्तीचं हाय?”

लहानग्यांच्या शाळेसाठी वर्गणी त्यांनी कधी मागितली नाही. जास्तीचं मागायच्या. प्रत्येकाला हा प्रश्न आधी अपमानासारखा लागायचा, कारण साखर पेठेत जास्तीचं कुणाकडे काय असणार? पण त्या उठायच्या नाहीत. घरातली बाई विचार करत राहायची आणि शेवटी काहीतरी सापडायचंच. विणकरांकडे रंगीत सुताची गुंतवळ निघाली. कानडी गवळणीकडे दुपारनंतर उरलेलं ताक निघालं. म्हाताऱ्या नरसम्माकडे, मी ज्यांच्या माडीवर राहत होतो त्यांची ही सासू, काहीच नव्हतं. ती तेलुगूत म्हणाली, माझ्याकडे बाई फक्त दिवस आहेत, ते संपता संपत नाहीत. अक्का म्हणाल्या, “मग त्यातला आठवड्याला एक माझा.” अशा नरसम्मा गल्लीगल्लीतून गोळा झाल्या आणि पोरं सांभाळायला त्यांच्या पाळ्या लागल्या.

करीमचाचा माग दुरुस्त करणारे सुतार. ते म्हणाले, “अक्का, मेरेकू क्या मंगते? मेरे पास तुकड्यां हैं लकडी के, चूल्हे में जाते सो.” त्या तुकड्यांना तुटक्या कांड्यांची चाकं लावून त्यांनी गाड्या केल्या. एक गाडी चालेना म्हणून एक पोरगं रडलं, तर चाचा ती रात्रभर उशाशी घेऊन झोपले असं त्यांची बायको सांगायची.

राहिली जागा. पेठेत एकच मोठी खोली दिवसा रिकामी असायची, ती म्हणजे तालीम. पैलवान पहाटे आणि संध्याकाळी यायचे. मधल्या वेळात तिथे फक्त मारुती आणि नागोजी वस्ताद असायचे. अक्का गेल्या आणि पायरीवर बसल्या. मी बरोबर होतो.

“तालमीत बाईमानूस चालत न्हाय, अक्का,” वस्ताद आतूनच म्हणाले.

“मला कुटं कुस्ती धरायचीय?”

“नियम हाय.”

“मग ही पायरी तालमीत की रस्त्यात?”

वस्ताद बाहेर आले. पायरीकडे बघत राहिले. हा डाव त्यांना नवा होता. “पायरी… पायरी आपली अधेमधे.”

“मग झालं तर. मी अधेमधे बसते. लेकरं आत जातील. लेकरू बाईबी न्हाय नि बाप्याबी न्हाय.”

आणि खरोखर, पहिले कित्येक महिने अक्कांनी ती शाळा तालमीच्या पायरीवर बसून चालवली. आत कधी पाऊल टाकलं नाही. नरसम्मा आणि इतर म्हाताऱ्यांना नियमातून सूट मिळाली, कारण वस्तादांच्या मते सत्तरीनंतर माणसात बाई-बाप्या राहत नाही. तरी आतला कारभार बराचसा वस्तादांवरच आला. ज्या हातांनी त्यांनी भल्याभल्यांना अस्मान दाखवलं होतं, त्या हातांनी ते शेंबूड पुसू लागले. अक्का पायरीवरून ओरडायच्या, “वस्ताद, नाक पुसा, नाक पिळू नका! पैलवान न्हाय त्यो!” मुलं हौद्यातल्या तांबड्या मातीत लोळायची आणि घरी नखशिखान्त लाल होऊन जायची. आया भांडायला आल्या की अक्का म्हणायच्या, “मारुतीच्या मातीचं हाय. धुवू नका, झाडा.”

प्रत्येक मुलाच्या मनगटाला रंगीत सूत बांधलेलं असे. पिवळं ते आमच्या बोळातलं, हिरवं ते मशिदीमागचं, तांबडं ते मिलच्या चाळीतलं. मिलचा भोंगा झाला की त्या त्या रंगाची पोरं त्या त्या म्हातारीच्या मागे रांगेनं घरी जायची.

तांबड्या सुतातच चिट्टी आली. चिट्टी म्हणजे तेलुगूत चिमुकली. तिची आई राजम्मा मिलमध्ये रिळाच्या खात्यात होती. त्या काळी मिलवाल्या बायका कामावर जाताना पोराला अफूची बाळगोळी देत, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. कुणी हौसेनं देत नव्हतं. मागे बघायला कुणी नसायचं. चिट्टी दोन वर्षांची होऊन गेली होती, पण मान टाकून पडायची. अक्कांनी राजम्माला उपदेश केला नाही. म्हणाल्या, “गोळी माझ्याकडं दे. मी देते तिला टायमावर.” राजम्मानं विश्वासानं दिली. दुसऱ्या दिवशी दुसरीनं दिली. अक्का त्या गोळ्या पदराच्या गाठीत ठेवायच्या आणि बायका वळणावर दिसेनाशा झाल्या की वस्तादांकडून हौद्याच्या कोपऱ्यात पुरून घ्यायच्या. पुढे वस्ताद तक्रार करायचे, “बाई, तवापास्नं माजं पैलवान कुस्तीत जांभया द्याय लागल्यात.”

गोळी सुटली तशी चिट्टी रडायला लागली. आठवडाभर ती अक्कांच्या मांडीवर रडली. कुणी उचलायला गेलं तर आणखी रडे. मग एके दिवशी थांबली आणि करीमचाचांच्या गाडीकडे बघून हसली. अक्का ते सगळ्या पेठेला सांगत सुटल्या. त्यानंतर चिट्टीनं ती मांडी कधी सोडलीच नाही. अक्का शिकवायला बसल्या तर मांडीवर, पाळ्या ठरवायला गेल्या तर कडेवर.

तेलुगूत लहान मुलीला ‘पाप’ म्हणतात, शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळून. साखर पेठेत हा शब्द दिवसभर ऐकू यायचा. ए पाप, इकडं ये. पाप जेवली का? अक्कांना याची फार गंमत वाटायची. मला म्हणायच्या, “बगा गुरुजी, मराठीत लोक जे धुवाय गंगेला जात्यात, ते हितं कडेवर घेऊन फिरत्यात.” आणि चिट्टीला वर उडवून, “व्हय की न्हाय गं, माजे पाप?”

हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला तो शब्द कळत होता, त्याच्यावरचा विनोदही कळत होता, आणि आम्ही दोघं त्यावर हसलोही होतो.

अक्कांचा स्वभाव सोपा नव्हता. त्या तापट होत्या, आणि कुणाचे आभार मानत नसत. गवळण एकदा फुरंगटली, “इतकं ताक घातलं, कदी बरं म्हनाली न्हाईस.” अक्का म्हणाल्या, “बरं म्हनलं की मिटलं. मला तुज्याशी मिटवायचंच न्हाय.” गवळणीला ते इतकं आवडलं की तिनं ते कानडीत भाषांतर करून सगळ्या बोळाला ऐकवलं.

मुलं वाढली, तालीम पुरेना. पलीकडची मोकळी जागा नव्या पेठेतल्या एका कापडाच्या शेटजींची होती. ते दोन खोल्या बांधून द्यायला तयार झाले, पण रीतसर समिती हवी म्हणाले. एक वकील, मिलच्या कचेरीतले एक अधिकारी, स्वतः शेटजी. अक्कांनी मला बोलावलं.

“वकील काय पायरीवर येऊन बसनार न्हाय, गुरुजी. तितं खुर्ची लागती. तुमी बसा खुर्चीवर. माज्या वतीनं.”

मी चिटणीस झालो.

खोल्या झाल्या. समिती एक दिवस पाहणीला आली. अक्का नव्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या आणि चिट्टी त्यांच्या मांडीवर झोपली होती. एवढा गलका, पण ती कुशीत तोंड खुपसून निवांत. वकीलसाहेब पुण्याहून येऊन स्थायिक झालेले, स्वच्छ आणि सरळ माणूस. त्यांनी कौतुकानं शेजारी उभ्या नरसम्माला विचारलं, “ही गोड मुलगी कुणाची?”

नरसम्माला प्रश्नाचा रोख कळला. तिचा चेहरा फुलला. पेठेचं सगळं प्रेम एकवटून ती म्हणाली, “अदि? अक्का पाप!”

अक्कांची लाडकी. अक्कांची पोर. एवढंच.

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. ते शेटजींकडे बघू लागले. शेटजी पागोटं सावरू लागले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी काय ऐकलं ते मला त्याच क्षणी समजलं, आणि मनात हसूही आलं. म्हटलं, सांगू सावकाश.

त्या आठवड्यात वकिलांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. चहा झाला. मग वकील बशीकडे बघत म्हणाले, “विषय नाजूक आहे. बाई कर्तबगार आहेत, प्रश्नच नाही. पण विधवा बाई, आणि ते मूल… आपण ऐकलंत ना, शेटजी?”

“शेजारीणच म्हणाली की. उघड. लाजसुद्धा नाही त्या लोकांना.”

“मी कुणाचा न्याय करत नाही,” वकील म्हणाले. “पण संस्थेला नाव लागतं. उद्या चांगल्या घरातली माणसं मुलं पाठवतील का? बाईंनी बाजूला व्हावं, आणि…” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “गुरुजींसारखा निष्कलंक तरुण पुढे यावा. काय गुरुजी? तुम्ही तर तिथेच राहता. तुम्हाला काही सांगायचंय?”

‘पाप म्हणजे तेलुगूत बाळ.’ एवढंच वाक्य होतं. दुसऱ्या कुणाला ते बोलता आलं नसतं. त्या खोलीत तेलुगू कळणारा मी एकटा होतो. आणि वकिलांनी विचारलंही होतं.

मी गप्प का बसलो याची कारणं मी आयुष्यभर बदलत आलो. कधी म्हणालो, मी तरुण, त्या तरुण, मी बाजू घेतली असती तर दिवाणखान्यात नजरानजर झाली असती. ते खरं आहे. कधी म्हणालो, वडीलधाऱ्यांचं चुकतंय असं तोंडावर कसं म्हणायचं. तेही खरं आहे. पण ‘निष्कलंक तरुण पुढे यावा’ हे ऐकून मला बरं वाटलं होतं, आणि ते सगळ्यांत खरं आहे. मी म्हणालो, “समिती ठरवील तसं.”

अक्का संध्याकाळी माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज कसा निघत होता ते मला आठवत नाही. अक्का आधी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं बया! पाप! नरसम्माला सांगाय पायजे!” मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “बरं, मग? तुमी सांगितलं असंल की.”

खाली माग चालू होता. मी मागाकडे बघत राहिलो.

अक्कांचं हसू हळूहळू गेलं. चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर मी इतकी वर्षं जरा बरा जगलो असतो. त्यांनी फक्त माझ्याकडे नीट पाहिलं, जसं त्या नवीन मुलाकडे बघायच्या, हे कुठल्या रंगाचं सूत आहे म्हणून. “बरं,” म्हणाल्या, आणि उठल्या.

वस्ताद पैलवान घेऊन वकिलांकडे निघाले होते. करीमचाचा म्हणत होते, “मैं बोलता उनकू, जबान का फरक है करके.” अक्का रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. “तुमी गेलासा की खोल्या गेल्या. आन् पाप म्हंजे काय ते मी दारोदार सांगत फिरू? ज्याला सांगाय पायजे होतं त्यानं सांगितलं न्हाय. झालं. पोरं आत बसू द्या.”

जेऊरला परत जायच्या दिवशी त्या निरोप घेत फिरल्या नाहीत. पाळ्या लावत फिरल्या. प्रत्येक पायरीवर बसल्या आणि कुठल्या वारी कुणी ते पक्कं करून उठल्या. वस्तादांना म्हणाल्या, “गोळ्या हौद्यात आठवनीनं पुरत जावा.” चिट्टी पायरीवर बसून कितीतरी दिवस रस्त्याकडे बघायची. मग माझ्या मांडीवर यायला लागली. मूल कुणाच्याही मांडीवर येतं.

पुढे दोन-एक महिन्यांनी मी वकिलांना तो शब्द सांगितला. आता माझी खुर्ची पक्की झाली होती. “असं होय!” म्हणून ते खूप हसले. “अहो, मग तेव्हाच नाही का बोलायचं!” शेटजीही हसले. तो किस्सा नव्या पेठेत बरेच दिवस फिरला. बाईंना परत बोलवावं असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

त्यानंतर अक्का मला एकदाच दिसल्या. बालशिक्षणाच्या एका परिषदेत संस्थापक म्हणून भाषण करायला मी पुण्याला निघालो होतो. गाडी जेऊरला थांबली. मी खिडकीतून पाहिलं तर फलाटाच्या टोकाला, गँगमनच्या खोल्यांसमोर, पायरीवर अक्का. केस अकाली पिकले होते. पुढ्यात पाच-सहा पोरं खडी रचत होती. एक पोरगी मांडीवर होती. प्रत्येकाच्या मनगटाला सूत होतं, सगळं एकाच रंगाचं, रेल्वेच्या हिरव्या झेंडीचा धागा असावा.

मी दारात येऊन उभा राहिलो. त्यांनी ओळखलं.

“गुरुजी! कुटं?”

“पुण्याला.”

“चिट्टी?”

“तिसरीत आहे. मराठी छान वाचते.”

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, आता बोलावं. मी एक पायरी खाली उतरलो. “अक्का, त्या दिवशी मी…” एवढ्यात शिटी झाली आणि गाडी हलली. गार्डानं मला आत व्हायला सांगितलं.

अक्कांनी मांडीवरच्या मुलीचा हात धरून वर केला. जेऊरला तेलुगू कळणारं एक माणूस नव्हतं. फलाटावर स्टेशनमास्तर होते, बाजाराची माणसं होती, पाण्याला आलेल्या बायका होत्या. अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ए पाप, हात कर की गुरुजींना.”

बायकांनी वळून पाहिलं. अक्कांनी आवाज खाली आणला नाही. त्या मुलीचा हात हलवत राहिल्या, “माजी पाप ती! कर हात!” आणि ती मुलगी हसत हात करत होती.